पुणतांब्याचा जॅझ

मराठी घरात जॅझ शिरला तो बहुधा तक्रारीचे बोट धरून. मुले रेडिओचा कान पिळून सिलोन लावीत आणि वडील माणसे आतून ओरडत, "बंद करा तो धांगडधिंगा!" त्या धांगडधिंग्याचे खरे नाव काय, तो आला कोठून, आणि आणला कोणी, याची चौकशी करावी असे ओरडणाऱ्यास वाटले नाही आणि ऐकणाऱ्यासही वाटले नाही. परदेशी वाद्ये, परदेशी चाल, एवढ्यावर निकाल लागला. गंमत अशी की, ज्या माणसामुळे हा परदेशी प्रकार मराठवाड्यातल्या आडगावच्या वरातीपर्यंत पोचला, तो माणूस चांगदेवांच्या समाधीच्या गावचा होता.

पुणतांबे हे गोदावरीकाठचे क्षेत्र. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म तेथे १२ जानेवारी १९१८ रोजी झाला. पुढे हिंदी चित्रसृष्टीने त्यांना सी. रामचंद्र म्हटले, आणि जवळच्यांनी अण्णा. पुणतांब्याहून नदी ओलांडून थोडे पुढे गेले की वैजापूर तालुका लागतो, म्हणजे त्या काळची मोगलाई. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे निजामाचा. औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, छावणी होती, मकबरा होता, पाणचक्की होती. मुंबईसारखी नाचघरे मात्र नव्हती. निजामाच्या दख्खन रेडिओचे एक केंद्र येथे होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान संपले आणि १९५० मध्ये ते केंद्र आकाशवाणीकडे गेले. पुढे तेही बंद पडले, आणि औरंगाबादेस पुन्हा केंद्र होण्यास बरीच वर्षे जावी लागली. मधल्या काळात येथल्या कानांना आधार होता तो सिनेमाचा, सिलोनचा आणि बँडवाल्यांचा. जॅझ येथे जॅझ म्हणून कधी आलाच नाही. तो 'भगवानदादांचे गाणे' म्हणून आला, आणि म्हणूनच टिकला असे माझे मत आहे.

मूळ मात्र शोधायचे तर अपोलो बंदरावर जावे लागते. १९३५ साली लिऑन ॲबे नावाचा निग्रो व्हायोलिनवादक (त्या काळचा शब्द वापरतो, आज आपण आफ्रिकी-अमेरिकन म्हणू) आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवाला आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला आला. वेदरफर्ड शिकागोत नावाजलेला, शांघायसारख्या बंदरांतून वाजवीत हिंदुस्थानात उतरलेला. १९४५ साली तो कलकत्त्यात पटकीने वारला. स्वदेशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हते, ते येथे राजेरजवाड्यांपुढे आणि इंग्रज साहेबांपुढे मानाने वाजवीत होते, हा त्या काळाचा एक विलक्षण विरोधाभास. ऐकणारे जवळजवळ सगळे साहेब, पारशी आणि संस्थानिक. गिरगावातल्या माणसाला त्या दिवाणखान्यात प्रवेश नव्हता, आणि असता तरी त्याने पोशाखाचा खर्च केला नसता.

पण या मंडळींच्या खांद्याला खांदा लावून वाजविणारे, आणि त्यांची कला डोळ्यांत तेल घालून उचलणारे दुसरे लोक तेथे होते: गोव्याचे ख्रिस्ती वादक. पोर्तुगीज अंमलात गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असत. तेथे पोरांना अक्षरांबरोबर स्वरलेखन वाचण्यास आणि व्हायोलिन धरण्यास शिकवीत. हेतू प्रार्थनेच्या गायनाचा. परिणाम असा झाला की, शेत पुरेनासे झाले तेव्हा गोव्याच्या तरुणापाशी विकण्यासारखे एक कसब तयार होते. संस्थानिकांचे बँड, पलटणींचे बँड, मूकपटांच्या थिएटरातले वादक, बोटींवरचे वादक, जेथे कागदावरचे स्वर पाहून वाजविणारा माणूस हवा तेथे गोवेकर हजर. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांचे 'कूड' असत. गावचा माणूस पेटी टाकून तेथे राहावयाचा आणि संध्याकाळी वाद्य घेऊन कामावर निघावयाचा.

त्यांतलाच एक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा. जगाला तो 'चिक चॉकलेट' या नावाने माहीत आहे. ट्रंपेट वाजविण्याची आणि गाण्याची त्याची ढब लुई आर्मस्ट्राँगची, म्हणून लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. असली बिरुदे मला आवडत नाहीत. त्यांत कौतुकापेक्षा उपकाराचा भाव अधिक असतो. पण माणूस खरोखर गुणी होता, यात शंका नाही.

स्वातंत्र्य आले, साहेब गेले, संस्थाने गेली, आणि मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली. नाचघरांचा धंदा बसला. हॉटेलांतून वाद्यवृंद कमी झाले. कसबी हातांना काम हवे होते आणि ते देणारी एकच जागा उरली होती: दादर-ताडदेवकडचे स्टुडिओ. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवीत. तेही मुंबईस आले आणि पुढे वीसहून अधिक वर्षे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करीत राहिले. दारूबंदीचे गुणदोष मोजणाऱ्यांनी हिंदी चित्रपटसंगीत तिच्या कोणत्या बाजूस मांडावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

रामचंद्र या वाटेने कसे लागले? त्यांचे पहिले शिक्षण अगदी सोवळे. विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात ते गाणे शिकले. नट होण्याच्या हौसेने सिनेमात आले. 'नागानंद' मध्ये कामही केले. ते जमले नाही. मग मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीवर साथ करू लागले. भगवान पालव या दोस्ताच्या चित्रपटांना चाली देता देता ते संगीत दिग्दर्शक झाले. बेनी गुडमन या अमेरिकन क्लॅरिनेटवाल्याच्या तबकड्यांनी त्यांना वेड लावले होते. असे वेड अनेकांना लागते. रामचंद्रांचे वेगळेपण असे की, ज्याला ते येते त्याला त्यांनी शेजारी आणून बसविले. चिक चॉकलेट त्यांचा सहायक झाला.

कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. चाल अण्णांची, पेटीवर बसलेली. सहायक ती युरोपीय लिपीत टिपून घेई. मग कोठे व्हायोलिने शिरावयाची, सॅक्सोफोनने ओळ कोठे उचलावयाची, ट्रंपेटने गायकाला कोठे उत्तर द्यावयाचे, हे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या कागदावर उतरे. वादक येत, कागद पाहत आणि वाजवीत. सगळे एकाच खोलीत, एका वेळी. एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा आरंभ करावयाचा. आणि सारा मामला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत, सुमारे सव्वातीन मिनिटांत, मावला पाहिजे. इतक्या तंग जागेत जो मोकळेपणा त्यांनी दाखविला तो आजही चकित करतो.

'अलबेला' १९५१ चा. त्यातल्या क्यूबाई थाटाच्या नाचगाण्यात चिक चॉकलेट आणि त्याचे सोबती झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावर प्रत्यक्ष वाजवीत आहेत. चित्रपटसंगीताच्या वादकाला तोंड असते, हे प्रेक्षकाला दिसण्याचा तो दुर्मीळ प्रसंग. आणि पडद्यावर नाचतो कोण? गिरणगावात वाढलेले भगवानदादा, ज्यांचा नाच कोणत्याही नृत्यशाळेत शिकलेला नव्हता. गणपतीच्या मिरवणुकीत माणूस जसा दोन्ही हात वर करून, गुडघे थोडे वाकवून, अंग सैल सोडून हलतो तसा तो नाच. अमेरिकन लय आणि लालबागी पाय! हे जमले कसे?

जमले, कारण लय आधीपासून ओळखीची होती. जॅझचा जो 'स्विंग' म्हणतात त्याचे मर्म असे की, एका ठोक्याचे दोन भाग सारखे करावयाचे नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, म्हणजे लय चालत नाही, झुलते. आमच्या केरव्याच्या लग्गीत आणि ढोलकीवाल्याच्या हातात अशी झूल जन्मजात आहे. कागदावर मात्रा सारख्या लिहिलेल्या असोत, बोटे त्या सारख्या टाकीत नाहीत. जॅझचे चार ठोके आणि केरव्याच्या आठ मात्रा एकमेकांच्या घरात सहज राहतात. रामचंद्रांनी हे कानाने ओळखले. 'आशा' (१९५७) मधले अर्थहीन अक्षरांचे ते प्रसिद्ध गाणे घ्या. अर्थ नसलेल्या अक्षरांवर गाणे हे अमेरिकनांचे 'स्कॅट', खरे. पण ज्या देशात तराणा गातात त्या देशाला त्याचे नवल कशाला?

अडचण लयीची नव्हती, स्वरांची होती. जॅझमध्ये पायाखालचे स्वरसमूह, ज्यांना 'कॉर्ड' म्हणतात, दर ओळीस सरकतात. वरची कल्पना त्या सरकत्या जमिनीवर चालते. आमच्याकडे षड्ज हलत नाही. तानपुरा म्हणजे जमीन, ती सरकली की राग कोसळला. रामचंद्रांनी यावर काढलेली तोड मला फार शहाणपणाची वाटते: मुखडा आणि अंतरा मराठी कानाला धरता येईल असा सरळ ठेवावयाचा, आणि सरकणारी जमीन मधल्या वाद्यसंगीतात आणावयाची. म्हणून ज्याला कॉर्ड हा शब्द ठाऊक नाही तोही ती गाणी गुणगुणतो. आणि त्याच माणसाने 'अनारकली' (१९५३) ला चाली दिल्या, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंच्या तोंडून देशाला रडविणारे गीतही त्याचेच, हे जॅझवर तुटून पडणाऱ्यांनी कधी हिशेबात घेतले नाही.

तुटून पडणाऱ्यांचे पुढारीपण योगायोगाने दुसऱ्या एका मराठी माणसाकडे होते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते. चित्रपटगीते हिणकस आणि परदेशी वळणाची, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोक सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांची चेष्टा करणे आता सोपे झाले आहे. मी ती करणार नाही. शास्त्रीय गायकवादकांना रेडिओने त्या दशकात जो आधार दिला तो नसता तर अनेक घराणी उपाशी मेली असती. परंतु 'परदेशी' हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा? बालगंधर्वांच्या नाटकात पायपेटीचा ऑर्गन वाजे. तो काय देहूहून आला होता? पेटीलाही १९४० मध्ये रेडिओने हद्दपार केले, आणि तिला परत येण्यास १९७१ उजाडले. महाराष्ट्रात कोण्या कीर्तनकाराने म्हणून पेटी सोडली नाही. व्हायोलिन तर कर्नाटक संगीतात घरजावई झाले. वाद्याला जात नसते. ते कोणाच्या हाती पडते, याला महत्त्व.

आक्षेपाचा एक भाग मात्र खरा होता आणि तो नीट कोणी मांडला नाही. जॅझचा जीव उत्स्फूर्त रचनेत आहे, आणि सिनेमात तिलाच जागा नव्हती. कागदावर लिहिलेले सोळा ठोके वाजवून चिक चॉकलेटने गप्प बसावयाचे. म्हणजे परदेशी गोष्ट फार आली हे दुःख नव्हे. अर्धीच आली हे दुःख.

आणि दुसरी गोष्ट नावांची. १९४९ च्या 'महल' च्या तबकडीवर लताबाईंच्या ऐवजी पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी' चे, नाव छापले होते, ही कथा सर्वांना माहीत आहे. गायकांची नावे पुढे आली. वाद्यरचना करणाऱ्यांची आली नाहीत. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस या नावांना श्रोत्यांच्या लेखी पत्ताच नव्हता. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात रागांवर आधारलेले सिम्फनीसंगीत सादर केले. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायक होते. आज ते नाव लोकांच्या ओठी आहे ते 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या विनोदी गाण्यामुळे. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती दक्षिणा. ग्रेगरी बूथ (२००८) आणि नरेश फर्नांडिस (२०१२) यांच्या इंग्रजी ग्रंथांनी या वादकांना प्रथम माणसे म्हणून उभे केले. मराठीत अण्णांचे आत्मचरित्र आहे, 'माझ्या जीवनाची सरगम'. वादकांवरचा तोलामोलाचा ग्रंथ मराठीत व्हावयास हवा.

दरम्यान अमेरिकेने आपला जॅझ सरकारी खर्चाने पाठविण्यास आरंभ केला होता. शीतयुद्धाची ती सुरेल बाजू. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक आला. मुंबईत तो सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह वाजविण्यास बसला, मद्रासेत मृदंगिये पळनी सुब्रह्मण्य पिळ्ळै यांच्यासह. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला, १९६४ मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग. एलिंग्टनच्या 'फार ईस्ट सुइट' (१९६७) या तबकडीत 'आग्रा' नावाची एक रचना आहे, हॅरी कार्नीच्या बॅरिटोन सॅक्सोफोनसाठी लिहिलेली. ताजमहालावर संगमरवरी गोडवा ओतण्याचा मोह त्याने टाळला. ती रचना जड, घनगंभीर, किंचित काळोखी आहे. इमारतीपेक्षा इमारतीखालच्या कबरीकडे तिचे लक्ष आहे. आमच्या बिबीच्या मकबऱ्याकडे तो आला असता तर काय लिहिता, असे मनात येते. त्या तबकडीतल्या बाकी काही रचना मला पर्यटकाच्या वहीसारख्या वाटतात, 'आग्रा' मात्र नाही.

याच सुमारास जॅझ स्वतःच आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) मध्ये सरकती जमीन बरीच स्थिर झाली. एकेका स्वरपंक्तीवर दीर्घ काळ राहून विस्तार करावयाचा, ही त्यातली कल्पना. रागदारी ऐकलेल्या माणसाने जॅझची पहिली तबकडी म्हणून हीच ऐकावी, असे मी आग्रहाने सांगतो. जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये 'इंडिया' वाजविले आणि १९६५ मध्ये मुलाचे नाव रवि ठेवले, कोणावरून ते सांगावयास नकोच. रविशंकरांनी 'इम्प्रोव्हायझेशन्स' (१९६२) मध्ये बड शँक आदी जॅझवाल्यांना संगतीस घेतले.

लंडनमध्ये १९६६ साली 'इंडो-जॅझ सुइट' निघाली. रचना कलकत्त्याच्या जॉन मेयर यांची, सॅक्सोफोन जमेकाच्या जो हॅरियटचा. तबल्यावर केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर, ही दोन नावे वाचून मराठी वाचकाने खुशाल अभिमान बाळगावा, पण तबकडी अभिमानाने ऐकू नये, कानाने ऐकावी. पाच वादक इकडचे, पाच तिकडचे, आणि पुष्कळदा ते आळीपाळीने बोलतात. शेजाऱ्यांनी गॅलरीतून गप्पा माराव्यात तसे. हॅरियट वाजवू लागला की मात्र गॅलरीचा कठडा नाहीसा होतो. साठ्यांचा ठेका त्यात शांतपणे सर्वांना धरून ठेवतो. मिरविण्याची अनेक निमित्ते असताना न मिरविणे ही तबलजीची मोठी कमाई.

घरची तबकडी १९६८ ची: शंकर-जयकिशन यांची 'रागा-जॅझ स्टाइल'. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. जे वादक वर्षानुवर्षे गाण्यांच्या फटींत वाजवीत आले त्यांना अखेर पूर्ण तबकडी मिळाली. मिळाली खरी, पण सवय सुटली नाही. रईस खाँ मोकळे सुटतात. इतर वाद्ये आखलेल्या जागी येतात आणि निमूट जातात. प्रत्येक तुकडा सिनेमातल्या गाण्याएवढाच. राग रंगात येतो न येतो तोच दिवा मालवतो. तरीही मी ही तबकडी अनेक गाजलेल्या विलायती प्रयोगांपेक्षा वर ठेवतो, कारण येथे कोणी पाहुणा नाही. राग आणि ट्रंपेट दोन्ही घरातच वाढलेले आहेत, आणि त्यांची भांडणेही घरगुती आहेत.

चिक चॉकलेट १९६७ मध्येच वारला. त्याला असे काही लाभले नाही. अण्णा ५ जानेवारी १९८२ रोजी गेले. मधे १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली, सॉनी रॉलिन्ससारखा धुरंधर तेथे वाजवून गेला, आणि जॅझ ऐकण्यासाठी पोशाखाचा खर्च करण्याची गरज उरली नाही.

यानंतरच्या तबकड्यांपैकी एकच येथे नोंदवितो. बेळगावच्या शोभा गुर्टू यांची ठुमरी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. त्यांचा मुलगा त्रिलोक तबला घेऊन युरोपातल्या जॅझवाल्यांत गेला आणि १९८८ मध्ये त्याने 'उसफ्रेत' काढली. तीत डॉन चेरीचा ट्रंपेट आहे आणि आईचा आवाज आहे. मुलाच्या सांगण्यावरून आई परक्या मंडळींत जाऊन बसली, पण तिने आपला स्वर तसूभरही सैल केला नाही. जे काही जुळवून घ्यावयाचे ते बाकीच्यांनी घेतले आहे. ड्रम आणि तबला यांच्या मधोमध तो ठुमरीचा आवाज येतो तेव्हा चेरीसारखा भटका वादकही दोन पावले मागे सरून उभा राहतो, आणि ती ओळ संपेपर्यंत वाट पाहतो.